पंचवीस डॉलरचे चलान आणि ‘गुन्हा कबूल’

“कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो.”

मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या व्हरांड्यात हा सल्ला फुकट मिळतो. केस गाडीच्या चलानाची असो, जमावबंदी मोडल्याची असो, नाहीतर जयंतीच्या मिरवणुकीत रात्री दहानंतर स्पीकर वाजवल्याची असो. सल्ला देणारा कधी पोलीस असतो, कधी घाईतला वकील, तर कधी आपलाच एखादा जुना कार्यकर्ता. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या पोराला तो लगेच पटतो. नाव पुकारले की तो आत जातो, काय वाचून दाखवले ते अर्धे ऐकतो, मान हलवतो, दंडाची रक्कम भरतो आणि घरी जातो.

कबूल केल्यावर माणूस खरोखर मोकळा होतो का, एवढाच प्रश्न या लेखात घेतला आहे. उत्तरासाठी आपल्याला ६० वर्षांहून अधिक मागे, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जावे लागेल. तिथे एका माणसाने गाडीच्या एका साध्या केसमध्ये दंड भरला होता आणि आपण मोकळे झालो असे समजून तो घरी गेला होता. त्या माणसाचे नाव मार्टिन ल्यूथर किंग.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा लढा आपल्याला परका नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या प्रश्नाचा आपण विद्यार्थी राहिलो आहोत असे कळवले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून. आणि ब्लॅक पँथरचे सुरुवातीचे काम काय होते? ओकलंड शहरात पोलिसांनी एखाद्या कृष्णवर्णीयाची गाडी अडवली की तिथे जाऊन उभे राहायचे आणि त्याचे कायदेशीर हक्क काय आहेत ते मोठ्याने सांगायचे. त्यांच्या हातात बंदूक असायची हे सगळ्यांना आठवते. त्यांच्याजवळ कायद्याचे पुस्तकही असायचे, हे आपण विसरतो.

गाडीत बसलेली गोरी बाई

१९६० च्या सुरुवातीला किंग अलाबामातले माँटगोमेरी सोडून जॉर्जियातल्या अटलांटाला राहायला आले. माँटगोमेरीच्या बस बहिष्कारामुळे ते देशभर माहीत झाले होते आणि म्हणूनच दक्षिणेतल्या गोऱ्या सत्तेच्या डोळ्यांत खुपत होते. त्याच वर्षी अलाबामाने त्यांच्यावर आयकराचे खोटे विवरण दिल्याचा फौजदारी खटला भरला. त्या खटल्यात मे महिन्याच्या अखेरीस सगळ्या गोऱ्या ज्युरींनी त्यांना निर्दोष सोडले. तो खटला त्यांनी लढवला होता. चांगले वकील लावले होते, हिशेब मांडले होते, साक्षी काढल्या होत्या. मोठ्या केसमध्ये ते सावध होते, हे लक्षात ठेवा.

त्याच मे महिन्यात, ४ तारखेच्या रात्री, किंग लेखिका लिलियन स्मिथ यांना गाडीतून हॉस्पिटलला सोडायला निघाले होते. स्मिथबाईंना कर्करोग होता आणि अटलांटाजवळच्या एमरी विद्यापीठाच्या हॉस्पिटलात त्यांच्यावर उपचार चालू होते. त्या गोऱ्या होत्या आणि वंशभेदाविरुद्ध उघडपणे लिहिणाऱ्या होत्या. डिकाल्ब काउंटीच्या हद्दीत पोलिसांनी गाडी अडवली. कृष्णवर्णीय पुरुष गाडी चालवतो आहे आणि शेजारी गोरी बाई बसली आहे, एवढे दृश्य १९६० च्या जॉर्जियात पोलिसाला पुरेसे होते. लायसन्स मागितले. किंग यांच्याकडे अलाबामाचे लायसन्स होते. राज्य बदलून तीन महिने झाले होते आणि जॉर्जियाचे लायसन्स काढायचे राहून गेले होते. चलान फाटले.

आपल्याकडेही गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या कितीतरी लोकांचे असे कागद राहून जातात. यात लपवाछपवी नाही, कुणाला इजा नाही. फार तर दंड भरण्याची बाब.

२३ सप्टेंबर १९६० रोजी ही केस न्यायाधीश ऑस्कर मिचेल यांच्यापुढे निघाली. किंग यांच्या बाजूने गुन्हा कबूल झाला. पंचवीस डॉलर दंड झाला. त्यासोबत बारा महिन्यांची शिक्षाही झाली; मात्र ती स्थगित ठेवली गेली. अट अशी, की या काळात त्यांनी कायदा मोडता कामा नये.

आता खरी गोष्ट. या अटीकडे किंग यांचे लक्षच नव्हते. केस इतकी क्षुल्लक वाटली की आपण तिच्यात मन घातले नाही, वकिलाने आपल्या वतीने गुन्हा कबूल केला आहे हेही आपल्याला कळले नाही, पैसे भरले आणि केस संपली असे आपण धरून चाललो, अशा अर्थाचे त्यांनी स्वतः नंतर सांगून ठेवले आहे. ज्या माणसाने कराच्या खटल्यात राज्य सरकारला हरवले, तो माणूस चलानाच्या केसमध्ये काय कबूल झाले हे न पाहता घरी गेला.

चार महिने सक्तमजुरी

ऑक्टोबरमध्ये अटलांटाच्या कॉलेजांतल्या मुलामुलींनी ‘रिचेस’ या मोठ्या दुकानाविरुद्ध आंदोलन ठरवले. त्या दुकानात कृष्णवर्णीयांनी पैसे खर्च केलेले चालत होते. तिथल्या उपाहारगृहात गोऱ्यांच्या शेजारी बसून खाल्लेले चालत नव्हते. गावातला वाणी आपल्याकडून पैसे घेतो आणि सुटे पैसे वरून टाकतो, हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. विद्यार्थ्यांनी किंग यांना सोबत येण्याचा आग्रह केला. १९ ऑक्टोबरला ते गेले, बसले आणि पन्नासच्या आसपास आंदोलकांबरोबर त्यांना अटक झाली. जामीन घ्यायचा नाही, तुरुंगातच राहायचे, असे आंदोलकांचे ठरले होते.

अटलांटाचे महापौर विल्यम हार्ट्सफील्ड यांनी काही दिवसांत मध्यस्थी केली आणि विद्यार्थ्यांची सुटका झाली. किंग मात्र सुटले नाहीत. शेजारच्या डिकाल्ब काउंटीने त्यांचा ताबा मागितला. कारण काय, तर मे महिन्यातले ते चलान. स्थगित शिक्षेची अट तुम्ही मोडली, म्हणून शिक्षा आता भोगा.

२५ ऑक्टोबरला न्या. मिचेल यांच्यापुढे सुनावणी झाली. किंग यांच्या बाजूने डोनाल्ड हॉलोवेल हे नावाजलेले कृष्णवर्णीय वकील उभे होते. तेवढ्याने काम भागले नाही. न्यायाधीशांनी स्थगिती काढून घेतली, चार महिन्यांची सक्तमजुरी सुनावली आणि जामीनही नाकारला. दुकानातल्या ज्या आंदोलनामुळे अट मोडल्याचे म्हटले गेले, त्या आंदोलनाच्या आरोपात किंग दोषी ठरलेलेही नव्हते. दोषी ठरले होते ते फक्त लायसन्सच्या केसमध्ये, आणि तेही कबुलीवर.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात त्यांना उठवले गेले. हातात बेड्या आणि पायांत साखळ्या घालून गाडीने सुमारे दोनशे मैल दूर रीड्सव्हिलच्या तुरुंगात नेले गेले. कुठे चालले आहोत हे त्यांना सांगितले नव्हते. दक्षिणेत रात्री असे नेलेले कृष्णवर्णीय कैदी परत आले नाहीत, हे त्या गाडीत बसलेल्या माणसाला पुरते माहीत होते. घरी पत्नी कोरेटा गरोदर होत्या.

राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक दोन आठवड्यांवर आली होती. उमेदवार जॉन केनेडी यांनी कोरेटा यांना फोन करून सहानुभूती कळवली. त्यांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी थेट न्यायाधीशांना फोन केला. २७ ऑक्टोबरला दोन हजार डॉलरच्या जामिनावर किंग सुटले. त्यांचे वडील तोवर केनेडींचे प्रतिस्पर्धी रिचर्ड निक्सन यांच्या बाजूने होते. आता आपले मत केनेडींना, असे त्यांनी जाहीर केले. केनेडींच्या प्रचारकांनी ही हकीकत पत्रके छापून कृष्णवर्णीय चर्चमधून वाटली. ८ नोव्हेंबरला सुमारे पावणेसात कोटी मतदानात केनेडी सव्वा लाखाहूनही कमी मतांनी पुढे राहिले. एवढ्या निसटत्या निकालात या प्रकरणाचा वाटा होता, असे अनेक इतिहासकार मानतात.

हा इतिहास सांगताना बहुतेक लोक केनेडींच्या फोनवर थांबतात. आपण तिथे थांबू नये. किंग सुटले ते कायद्याच्या बळावर सुटले नाहीत. त्यांच्यासाठी भावी राष्ट्राध्यक्षाच्या भावाने फोन केला. आपल्या वस्तीतल्या पोराची जुनी कबुली उद्या त्याच्या अंगावर आली, तर त्याच्यासाठी कोण फोन करणार आहे?

लहान केस हेच हत्यार

काही मित्र म्हणतील, मिचेल वंशवादी होता, त्याने काहीही करून किंग यांना आत टाकलेच असते. टाकलेही असते. पण त्याच्या हातात काय होते ते पाहा. करचुकवेगिरीच्या मोठ्या आरोपाने किंग यांना तुरुंगात टाकता आले नाही, कारण तिथे पुरावा मागितला गेला. लायसन्सच्या केसमध्ये पुराव्याची गरजच उरली नाही. आरोपीच्या बाजूने कबुली आली होती.

जुलमी सत्तेला लहान केसेस आवडतात, त्याचे कारण हेच आहे. मोठ्या केसकडे वर्तमानपत्रांचे लक्ष असते, मोठे वकील धावून येतात, निधी गोळा होतो. लहान केसकडे खुद्द आरोपीचेही लक्ष नसते. माँटगोमेरीच्या बस बहिष्कारात लोक बस सोडून एकमेकांच्या गाड्यांतून कामावर जाऊ लागले, तेव्हा जानेवारी १९५६ मध्ये तिथल्या प्रशासनाने कडक धोरण जाहीर केले. पोलीस त्या गाड्या अडवून बारीकसारीक कारणांवरून चलाने फाडू लागले. २६ जानेवारीला स्वतः किंग यांना पकडले. आरोप असा, की ताशी २५ मैलांची मर्यादा असताना त्यांनी ३० मैलांनी गाडी चालवली! त्यासाठी त्यांना तुरुंगात नेले. गाडी जोरात चालली की हळू, हा तिथे मुद्दाच नव्हता. बहिष्कार चालवणाऱ्या चाकांना खीळ घालायची होती.

त्याच शहरात रोझा पार्क्स यांनी काय केले ते शेजारी ठेवून पाहा. १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला म्हणून त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरला खटला अगदी थोडक्यात आटोपला. दंड दहा डॉलर, वर खर्चाचे चार डॉलर. हीसुद्धा रकमेने किरकोळ केस होती. पार्क्स यांना ‘कबूल आहे’ म्हणून चौदा डॉलर भरता आले असते. त्यांचे तरुण वकील फ्रेड ग्रे यांनी गुन्हा नाकारला आणि दंड झाल्यावर अपील केले.

तिचे अपील राज्याच्या कोर्टात रखडणार हे दिसताच ग्रे यांनी दुसरी वाट काढली. ऑरेलिया ब्राउडर, पंधराव्या वर्षी अशाच कारणासाठी अटक झालेली क्लॉडेट कॉल्विन आणि आणखी काही स्त्रियांच्या नावे १ फेब्रुवारी १९५६ रोजी त्यांनी संघराज्याच्या कोर्टात दावा लावला. तो दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १३ नोव्हेंबर १९५६ रोजी बसमधला वर्णभेद घटनाविरोधी ठरला. एक बाजू रस्त्यावर होती, वर्षभर बसवर बहिष्कार टाकणारी. दुसरी बाजू कोर्टात होती, आम्ही गुन्हा केलेलाच नाही, कायदाच चुकीचा आहे असे सांगणारी. दोन्ही बाजू एकमेकींना धरून होत्या.

एकच न्यायाधीश, दोन उत्तरे

आपल्याकडे एक मोह नेहमी होतो. आंदोलनात पकडले गेले की कोर्टात छाती काढून सांगायचे, “हो, केला गुन्हा. द्या शिक्षा.” यात शौर्य वाटते. या शौर्याचा आदर्श कुठून आला? १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादच्या खटल्यातून. ‘यंग इंडिया’तल्या तीन लेखांबद्दल गांधींवर राजद्रोहाचा खटला होता. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांनी द्यायची ती शिक्षा द्यावी असे सांगितले. न्यायाधीश होते रॉबर्ट ब्रूमफील्ड. सहा वर्षांची साधी कैद झाली. आजारपणामुळे गांधी १९२४ साली सुटले.

आता दुसरी तारीख घ्या. १७ मार्च १९३७. पहिल्या तारखेला पंधरा वर्षे पूर्ण व्हायला एक दिवस कमी. मुंबई उच्च न्यायालयात महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्याचा निकाल लागला. पीठावर तेच ब्रूमफील्ड होते. प्रतिवादी होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

एक खटला फौजदारी होता आणि दुसरा दिवाणी, हा फरक मी विसरलेलो नाही. दिवाणी दाव्यात ‘गुन्हा कबूल’ असा प्रश्न विचारला जात नाही. पण तिथेही कबुलीसारखी एक गोष्ट असते: दावा न लढवणे. “हे कोर्ट सवर्णांचे, हा कायदा इंग्रजांचा, आम्ही यात पडत नाही” असे बाबासाहेबांना म्हणता आले असते. लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या.

त्यांनी काय केले? २० मार्च १९२७ रोजी तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर सनातन्यांनी हल्ला केला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा महाडच्या सवर्णांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावून तळ्यावर जायला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो लोक जमले होते, तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तळ्यावरचा मोर्चा मात्र त्यांनी लोकांना समजावून थांबवला आणि दावा लढवायला घेतला. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टात दावा फेटाळला गेला, १९३३ मध्ये ठाण्याला अपील फेटाळले गेले आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने तेच कायम केले. अनादी काळापासून अस्पृश्यांना या तळ्यावर बंदी होती, ही वादींची कथित रूढी सिद्ध झाली नाही, असा निकाल लागला. जवळजवळ दहा वर्षे लागली.

गांधींच्या कबुलीने भाषण गाजले. बाबासाहेबांच्या नकाराने तळ्यावरचा हक्क कोर्टाच्या दप्तरात कायमचा नोंदला गेला. पहिल्या मार्गाला मागे उभा असलेला देश लागतो, वर्तमानपत्रे लागतात, आणि तुरुंगातून बाहेर आल्यावर वाट पाहणारा आश्रम लागतो. आपल्या पोराला बाहेर आल्यावर नोकरीचा फॉर्म भरायचा असतो. त्यात एक रकाना असतो: यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरला आहात काय?

आजच्या कोर्टात

तुम्ही म्हणाल, इतिहास झाला, आता आम्ही काय करायचे? कायदा काय म्हणतो ते आधी पाहू.

मॅजिस्ट्रेटपुढे समन्स केसमध्ये आरोप समजावून सांगून आरोपीला विचारावे लागते, की गुन्हा कबूल आहे की बचाव करायचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम २७४ आहे. कबुली दिली तर ती शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवायची असते. हे कलम २७५. म्हणजे तुमचे शब्द कायद्याने महत्त्वाचे मानले आहेत. मान हलवणे हा शब्द नव्हे. आरोप समजला नसेल तर “साहेब, मला समजले नाही, पुन्हा सांगा” असे म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि तो वापरण्यात काहीही उद्धटपणा नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कबुलीवर शिक्षा झाली की अपिलाचे दार जवळजवळ बंद होते. कलम ४१६ प्रमाणे मॅजिस्ट्रेटच्या अशा निकालावर फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर की नाही, एवढ्याच मुद्द्यावर अपील चालते. “मी ते केलेच नव्हते” असे नंतर सांगायला गेलात, तर वरचे कोर्ट विचारणार, मग कबूल का केले? रोझा पार्क्स यांना अपील करता आले, कारण त्यांनी कबूल केले नव्हते.

तिसरी गोष्ट गाडीच्या चलानाची. सगळी चलाने सारखी नसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली ठरावीक गुन्ह्यांत तडजोड रक्कम भरता येते. ती भरली की त्या गुन्ह्याची पुढची कार्यवाही थांबते. हेल्मेट नव्हते, सिग्नल तोडला, आणि हे खरे असेल, तर रक्कम भरा आणि पुढच्या वेळी हेल्मेट घाला. आपण केलेली चूक नाकारण्यासाठी बाबासाहेबांचे नाव पुढे करू नका. तो त्यांचा अपमान आहे. रस्त्यावरचा नियम आपल्या आईबापांच्या जिवासाठीही आहे.

पण गाडी तुमची नसेल, फोटोतला नंबर दुसराच असेल, तुम्ही त्या दिवशी त्या शहरातच नव्हता, तर केवळ कटकट नको म्हणून भरू नका. आणि आरोप जड असेल, उदाहरणार्थ कलम १८४ खाली धोकादायक रीतीने गाडी चालवणे किंवा कलम १८५ खाली दारू पिऊन चालवणे, तर वकिलाशी बोलल्याशिवाय ‘कबूल’ हा शब्द तोंडातून काढू नका. या कलमांत दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर शिक्षा वाढते. कलम १८५ मध्ये पहिल्या वेळी कमाल कैद सहा महिने आहे, दुसऱ्या वेळी दोन वर्षे. म्हणजे आजची सोयीची कबुली हा उद्याच्या शिक्षेचा पाया असतो. किंग यांच्या बाबतीत नेमके हेच झाले: पहिली केस संपलेली नव्हती, ती दुसऱ्या केसची वाट पाहत होती.

चौथी गोष्ट आंदोलनाच्या केसेसची. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचा मनाई आदेश मोडल्याबद्दल कलम १३५ लावले जाते. मोर्चात गेलेल्या प्रत्येकाला हे आकडे पाठ असतात. यातही तोच सल्ला मिळतो, एकदम पन्नास जणांनी कबूल करून दंड भरायचा. इथे प्रत्येकाने स्वतःला विचारले पाहिजे. मनाई आदेशाची प्रसिद्धी झाली होती का? तो आदेश त्या दिवशी, त्या ठिकाणी लागू होता का? मी तिथे होतो का? यातले एक उत्तर जरी ‘नाही’ असेल, तर कबुली ही तुमच्या तोंडून पोलिसांच्या कागदावर मारलेली मोहोर ठरते. भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणी होते, तेव्हा तिथे पन्नास जण नसतात. तुम्ही एकटे असता.

वकील परवडत नाही, ही अडचण खरी आहे. त्यासाठीही तरतूद आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री आणि कोठडीतली व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. प्रत्येक जिल्हा कोर्टाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते. आपल्या किती पोरांना ते दार माहीत आहे? जयंतीच्या वर्गणीचा हिशेब चोख ठेवणाऱ्या मंडळांनी वर्षातून एक दिवस पोरांना ते दार दाखवायला न्यावे.

शेवटचा शब्द

‘कबूल’ म्हणणे नेहमी चूक असते, असे मला म्हणायचे नाही. खरोखर केलेल्या चुकीची कबुली देण्यात प्रामाणिकपणा आहे. विचारपूर्वक, परिणाम माहीत असताना, राजकीय भूमिका म्हणून दिलेली कबुली हाही एक मार्ग आहे. ३ सप्टेंबर १९५८ रोजी माँटगोमेरीच्या कोर्टाबाहेर किंग यांना पकडले, तेव्हा त्यांनी गुन्हा नाकारला. चौदा डॉलर दंड झाला तेव्हा तो भरायलाही नकार दिला आणि तुरुंगात जातो म्हणाले. शेवटी शहराच्या पोलीस आयुक्तानेच तो दंड भरून टाकला, कारण तुरुंगातले किंग त्यांना महाग पडणार होते. तिथे किंग यांना आपण काय म्हणतो आहोत हे पक्के ठाऊक होते. दोन वर्षांनी डिकाल्बमध्ये ठाऊक नव्हते. माणूस तोच होता, धैर्य तेच होते. फरक पडला तो फक्त लक्ष देण्याने.

आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांकडून एक कबुली न विचारता घेतली गेली होती. जन्माला आलात म्हणजे दोषी, मागच्या जन्मीचे पाप भोगा, असे सांगितले गेले आणि आपल्या माणसांनी मान हलवली. महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी त्या आरोपाला पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने ‘कबूल नाही’ म्हटले आणि पुढे दहा वर्षे ते कोर्टात सिद्ध केले.

म्हणून पुढच्या वेळी व्हरांड्यात कुणी म्हणाले, “कबूल करून टाक, मोकळा हो,” तर त्याला शांतपणे तीन प्रश्न विचारा. माझ्यावर आरोप नेमका कोणत्या कलमाखाली आहे? कबूल केल्यावर नोंद काय होणार? आणि दंडाशिवाय आणखी कोणती अट आहे? उत्तरे मिळेपर्यंत आत जाऊ नका. नाव पुकारलेच, तर तारीख मागून घ्या.

दिवस बुडेल. एक दिवसाची मजुरीही जाईल. पण दंड भरून घरी गेलेल्या किंगना महिनाभराने त्याची काय किंमत मोजावी लागली, ते आता तुम्हाला माहीत आहे.

जय भीम!